गोदाच्या पाठीचा फोटो

१० जानेवारी १९४३, वाशीम

गोदा आली. रिठदहून बंडीत, खाली कडबा, वर गोधडी, आणि तरी सगळी वाट कण्हत. किसनरावांनी (तिचे यजमान!) बैल सोडायच्या आतच परत निघायची भाषा सुरू केली. म्हणे कापूस वेचायला माणूस नाही. मी म्हटलं, आधी बायकोला उचलून घरात आणता का, की तीही मीच वेचून आणू? तेव्हा कुठे हात लावला.

दिवाळीच्या आधीपासून पाठ दुखते आहे. संध्याकाळी अंग कोमट. जेवण तुटलं. आणि मला कळतं संक्रांतीला! आई-बाप गेले, हिचं लग्न मी लावून दिलं, वाशीम ते रिठद काय सातासमुद्रापलीकडे आहे का?

म्हणते, "तुले शाळा असते अक्का, म्हनून नाही सांगतलं."

शाळा असते. जीव गेल्यावर सुट्टीत या म्हणावं मला.

१२ जाने.

डॉ. भालेरावांकडे नेली. माणूस हळू बोलतो, पण हात चांगला. पाठीवरून बोट फिरवत खाली आले. मधोमध एक मणका जरा वर आलेला, मला आजवर दिसला नव्हता. तिथे मूठ हलकीच टेकवली तर गोदा किंचाळली. मग जमिनीवर सुपारी टाकली, उचल म्हणाले. बाई वाकलीच नाही. पाठ काठीसारखी सरळ ठेवून, गुडघे मोडून खाली बसली, चाचपडत उचलली. डोळे मिटायला सांगून पायांवरून कोंबडीचं पीस फिरवलं. उजव्या पायाला कळलं. डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीच नाही.

"हाडाचा क्षय असावा. खात्री फोटोशिवाय नाही. अकोल्याला न्या."

मी म्हटलं, तिला खोकला कुठे आहे? म्हणाले, हाडाच्या क्षयाला खोकला लागत नाही, बाई.

यमीच्या, तिच्या लेकीच्या, वेळी गोदाची छाती पिकली होती, चिरावी लागली होती. तो वण अजून कडक लागतो. तेही त्यांनी चिठीत लिहिलं.

१३ जाने.

सासऱ्याचा निरोप: संक्रांतीचं वाण घरून लुटायचं, सून घरी पाहिजे. पाठवू नये म्हणून मी आडवी आले. गोदाच म्हणाली, जाऊ दे वं, यमी वाट पाहत असन. गेली. त्याच बंडीत, त्याच कडब्यावर. मी रागाने तीळगूळसुद्धा दिला नाही, आता वाईट वाटतंय.

२८ जाने.

काल अकोला. जे झालं ते लिहिते.

पेट्रोल मिळत नाही म्हणून कोळशावरची मोटार, पातूरच्या चढावर दोनदा बंद. सासरे गणपतराव पुढे सीटवर, गोदा मागे माझ्या मांडीवर. दवाखान्यात फोटो काढणारा पुरुष. चोळी काढा म्हणाला. गोदा चोळीची गाठ दोन्ही हातांनी धरून बसली, सोडेना. मी समजावलं, दटावलं. शेवटी तोच कंटाळला. "ऱ्हाऊ द्या, चोळीतून निघतो फोटो." पाठीवर झोपवून एक काढला. बाजूने आणखी एक काढा म्हटलं तर म्हणे, लढाई चालू आहे बाई, फिल्मा मिळतात कुठे.

मोठे डॉक्टर बाहेर आलेच नाहीत. गोदाला पाहिलं नाही, हात लावला नाही. ओली फिल्म उजेडाला धरली, चिठी वाचली, आणि आत बोलावलं कुणाला? गणपतराव आणि किसन. मी बाकावर. बाईमाणूस ना!

गणपतराव बाहेर आले ते उपरण्याने डोळे पुसत. "क्यान्सर म्हनते मास्तरीणबाई. छातीतून हाडात उतरला. कायी इलाज नाही. घरी न्या, खाऊपिऊ घाला म्हनते."

मी सरळ दार ढकलून आत. म्हटलं, आमचे डॉक्टर क्षय म्हणतात. ते मान वर न करता: "क्षयात हाड खाल्लं जातं, काळं पडतं. इथे चार-पाच मणके पांढरे झालेत. छातीवर कडक गाठ आहे, चिठीतच लिहिलंय. तुम्ही कोण?"

"बहीण."

"मग सेवा करा."

सेवा करा! जणू मी चहा प्यायला विचारत होते. फिल्म मागितली तर देईनात. मीही दारातून हलले नाही. शेवटी दिली.

३० जाने.

गोदा माझ्याकडेच. मोटारीने हाडं खिळखिळी केली, ताप उतरत नाही, रिठदपर्यंत नेण्यासारखी नाही.

गणपतराव एकदम मऊ झाले आहेत. रोज कोणी ना कोणी येतं, दूध आणतं. "सून आमची लक्ष्मी हाय. बरी वाटली की घरी नेऊ. आमच्या घरूनच जाईन." हे तिच्या उशाशी बसून! ऐकू येतं तिला, बहिरी नाही झाली. मी म्हटलं, मोठ्याने बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला.

बाहेर गेले आणि किसनला म्हणतात (मला ऐकू येतं, मीही बहिरी नाही): "शेलूबाजारचे लोक बरे हायत. पोरीले माय तं पायजेच."

अजून श्वास चालू आहे हो तिचा!

१ फेब्रु.

फिल्म घेऊन डॉ. भालेरावांकडे. त्यांनी खिडकीच्या काचेवर धरली. मग मला शिकवल्यासारखं सांगितलं. एका अर्थी बरं झालं, कळलं तरी.

मणक्यावर मणका असतो, दोघांच्या मध्ये मऊ गादी. गादी फोटोत दिसत नाही, तिथे काळी फट दिसते. क्षय बहुधा त्या फटीपाशीच लागतो: गादी जाते आणि तिच्या वरचा नि खालचा असे दोन्ही मणके खाल्ले जातात. कॅन्सर मणका धरतो, पण गादी सोडून देतो, फट शाबूत राहते. आणि काही जातीचे कॅन्सर हाड खात नाहीत, उलट पांढरं घट्ट करतात. छातीचा कधी कधी तसा.

"मग फट शाबूत आहे का?"

"कळत नाही. पांढऱ्याखाली झाकली गेली आहे."

"मग बाजूने काढू. दुसरा फोटो."

चष्मा पुसत बसले. "बाई, ते माझ्यापेक्षा मोठे आहेत. त्यांनी निदान दिलं आहे. मी कोणत्या तोंडाने..."

ज्या तोंडाने क्षय म्हणालात त्याच तोंडाने! असं म्हणून निघून आले. छत्री तिथेच राहिली. राहू दे.

३ फेब्रु.

फिल्म आमच्या खिडकीला लावून ठेवली आहे. येता-जाता दिसते. गोदा म्हणते, काढ वं ते, भुतासारखं दिसते. मी काढत नाही. हिच्या पाठीत काय आहे ते मला पाहायचं आहे. मोठ्यांनी पाहिलं, गावाने पाहिलं, मी का नाही?

एक गोष्ट खटकते. पांढरं हाडापाशी थांबत नाही. बरगड्यांच्या मध्ये, जिथे हाडच नाही, तिथेही उतरलं आहे. पट्टे आहेत, शेजारी शेजारी. वर जाड, खाली फिकट होत गेलेले. शेणाचा हात भिंतीवर ओढावा तसे. रोग असा सरळ ओढल्यासारखा वाढतो का? विचारावं तर छत्री आणायला जावं लागेल, आणि मला त्यांचं तोंड पाहायचं नाही.

४ फेब्रु.

आज लिहायचंच.

दुपारी गोदाला दरदरून घाम. चोळी भिजली. बदलू दे म्हटलं तर पुन्हा तेच, गाठ घट्ट धरून. आल्यापासून हेच चाललंय, न्हाणं नको, पाठ पुसणं नको, मला वाटे दुखतं म्हणून. आज माझा तोल गेला. ओरडलेच: "अगं मी परकी आहे का? लहानपणी तुझं सगळं मीच केलं!" ती रडायला लागली आणि हात सुटले.

चोळी वर केली.

शेंदूर. मानेखालपासून कमरेपर्यंत, तेलात कालवलेला, वाळून पापुद्रा धरलेला. चार बोटांनी वरून खाली ओढलेला.

"हे काय?"

"आत्यानं लावला. मारुतीचा हाय. संक्रांतीले गेली तवापासून दर शनवारी. कोनाले दाखवू नोको म्हने, पुसू नोको, गुन जाते."

आत्या म्हणजे तिची सासू. म्हातारी.

मी माझी चार बोटं त्या पट्ट्यांवर ठेवली. मग उठले, खिडकीवरची फिल्म काढली आणि तिच्या पाठीवर धरली. जशीच्या तशी बसली. पट्ट्यावर पट्टा.

म्हातारीची बोटं! अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी म्हातारीच्या बोटांना कॅन्सर म्हटलं आणि त्या बोटांवर शेलूबाजारची सोयरीक निघाली! मी तशीच अनवाणी डॉ. भालेरावांकडे धावले. ते ऐकता ऐकता खाली बसले. "शेंदूर म्हणजे शिसं, बाई. शिश्यातून किरण जात नाहीत." आणि मग, "पाठ पाहिली नाही. फोटो पाहिला आणि पाठ पाहिली नाही."

छत्री घेऊन आले.

५ फेब्रु.

गोडं तेल लावून, शिकेकाईने, हलक्या हाताने सगळा शेंदूर काढला. पाणी भगवं. गोदा सारखी म्हणत होती, देव पुसून राह्यली तू. मी म्हटलं, देवाला मी सांभाळीन, तू गप्प पड.

राग कुणाकुणाचा करू? म्हातारीचा करते, सगळ्यात जास्त तिचा. तोंड शिवून बसली, अकोल्याला जाताना तरी सांगावं! हिचा करते, लाजेपायी. त्या खुर्चीतल्या माणसाचा तर करतेच.

८ फेब्रु.

किसन आला. सगळं सांगितलं, फिल्म दाखवली, पाठ दाखवली. माणूस पाहत राहिला. मग: "बाबा काय म्हनते पाह्यतो."

"बायको तुमची की बाबांची?"

"तसं नाही अक्का. पण डाक्तरनं एकदा सांगतलं ना."

गणपतरावांचा निरोप दुसऱ्या माणसाकडून: फोटोचं खूळ पुरे, मरणाऱ्या बाईची दगदग करू नये.

मी डॉ. भालेरावांना म्हटलं, मी नेते, तुम्ही बरोबर चला. मला वाटलं पुन्हा चष्मा पुसतील. "येतो" म्हणाले.

१६ फेब्रु.

झालं. दुसरा फोटो निघाला. कुशीवर निजवून, उघड्या पाठीचा. मी चादर धरून उभी. डॉ. भालेरावांनी काय सांगितलं कोण जाणे, फिल्म निघाली कपाटातून.

मोठे डॉक्टर या वेळी स्वतः आले. पाठ पाहिली, बोट फिरवलं, वर आलेल्या मणक्यावर थांबलं. मग फिल्म. या वेळी मला आत जाऊ दिलं, किंवा मी गेले. पांढरं काही नाही. सगळे मणके आपापल्या जागी, मध्ये काळ्या फटी, एक, एक, एक, आणि मग एका ठिकाणी फटच नाही. वरचा मणका खालच्यावर बसलेला, दोघांच्या पुढच्या कडा कुरतडलेल्या. मला न सांगता कळलं.

"क्षय," ते म्हणाले. आणि लगेच, "पेशंटने लेपाचं आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही पाठ आधी पाहायला हवी होती."

डॉ. भालेराव खोकले. खोकू देत. मी बोलले ते बोलले.

इलाज: प्लास्टरचा साचा, त्यात उताणं पडून राहणं, वर्षभर, कदाचित जास्त. दूध, अंडी, ऊन, हवा. हाडं सांधली तर बाई उठेल. पायाचं विचारलं. मणक्यांच्या दाबाने अंगठा गेला आहे, दाब कमी झाला तर येईल, वाढला तर दोन्ही पाय जातील. सांगता येत नाही म्हणाले. हे मात्र मला आवडलं, सांगता येत नाही हे पहिल्यांदा कोणी म्हणालं.

व्हरांड्यात येऊन रडले. बहिणीला क्षय झाला म्हणून आनंदाने रडणारी मी एकटीच असेन साऱ्या वऱ्हाडात.

२० फेब्रु.

मूर्ख मी. मला वाटलं, ऐकून पेढे वाटतील.

स्वतः रिठदला गेले सांगायला. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, मरणार नाही, कॅन्सर नाही, क्षय आहे, हाडाचा. गणपतराव उठून उभेच राहिले. आत पाहून ओरडले, तिची गोधडी, तिचं ताट-लोटा बाहेर काढा. माझ्यासमोर! मी म्हटलं, अहो हाडाचा आहे, असा श्वासाने लागत नाही.

"क्षय तं क्षयच हाय. क्यान्सर असता तं घरात मेली असती मानानं, आमी सगळं केलं असतं. क्षयाची बाई नाही चालनार घरात. लेकरूबाळ हाय. तुमी ठेवा."

म्हणजे मरणार होती तेव्हा लक्ष्मी. जगणार म्हटल्यावर उकिरड्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले आठवत नाही, गल्ली जमली होती एवढं आठवतं. किसन खांबाला टेकून, मान खाली. यमीला कोणी तरी आत ओढून नेलं. म्हातारी दारामागे होती. फक्त पाय दिसले.

येताना बंडीतून ती गोधडी मी घेऊन आले. जाळायला निघाले होते. माझ्या आईने शिवलेली आहे ती.

७ मार्च

प्लास्टर झालं. गळ्यापासून कमरेखालपर्यंत. गोदा खिडकीपाशी, मी शाळेतून येईपर्यंत शेजारच्या काशीबाई पाहतात. पाहतात म्हणजे दारातून. आत येत नाहीत.

शाळेत कुजबुज. दोघी-तिघींच्या आयांनी म्हणे विचारलं, मास्तरीणबाईंच्या घरात क्षय आहे तर... मी वर्गातच सांगून टाकलं, हो आहे, पाठीच्या हाडात आहे, आणि फळ्यावर मणके काढून दाखवले. गादीसकट. होऊ दे तक्रार.

१९ मार्च

किसन आला. उंबऱ्याबाहेर उभा. आत या म्हटलं, नाही. गोदाचं तोंड पलीकडे, वळता येत नाही तिला, आवाजावरून ओळखलं. "आले का?" एवढंच. तो म्हणाला, "हो, बाजारात आलतो." आणि गेला. खिडकीकडून गेला असता तर दिसला तरी असता तिला! तेवढंही सुचलं नाही त्या माणसाला.

शेलूबाजारचं बोलणं थांबलेलं नाही असं कळतं. गो.ला सांगितलं नाही. तिला माहीत आहे असं वाटतं.

२ एप्रिल

डॉ. भालेराव पीस घेऊन आले. डावा अंगठा: नाही. शेजारचं बोट: तेही नाही. मागच्या वेळी होतं. मला बाहेर नेऊन म्हणाले, धीर धरा. मी म्हटलं, धीर गेला खड्ड्यात, पाय जाणार की राहणार ते सांगा. "सांगता येत नाही." आज ते आवडलं नाही.

गोदा विचारते, काय म्हनले? म्हटलं, बरं आहे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

२२ एप्रिल

परवा हनुमान जयंती झाली. आज दुपारी शाळेतून आले तर ओट्यावर म्हातारी. एकटी. रिठदहून चालत आलेली, या उन्हात, डोक्यावर ओला पदर. काशीबाई दारातून पाहतायत.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, कशाला आलात? घर नको तिला, मग माणसं कशाला? तुमच्या चार बोटांनी मेली असती माझी बहीण, कळतं का? फिल्म आणून दाखवली. हे पाहा तुमचं पुण्य!

म्हातारीने फिल्म हातात घेतली. उलटी धरली. मग आपला हात तिच्यावर ठेवला, मी ठेवला होता तसाच, आणि पाहत राहिली.

"एवढं आतपर्यंत गेलं काय वं माय?" म्हणाली.

काय बोलावं या बाईला!

मग मला म्हणे, "घरी भांडून आली म्या. आमचा बुडा म्हने, दुसरी सून आनू. म्या म्हनलं, आन, पन मंग मलेबी तिथंच ठेव जिथं तिले ठेवलं." यमीला का नाही आणली, विचारलं. "देत नाही तो." आणि कमरेची पिशवी काढली. पानात बांधलेला शेंदूर. जयंतीचा, ताजा.

"त्या पांढऱ्या साच्यावर लावला तं चालते का? आंगाले नाही लावत."

मी नाही म्हणाले. ओरडूनच म्हणाले. पुढचा फोटो आहे, कणभर नको या घरात, काढा बाहेर. म्हातारी पुडी बांधायला लागली. गाठ काही बसेना.

आतून गोदा: "अक्का, लावू दे ना. पाठीले नको. पायाले तं लावू दे."

पायाचा फोटो काढायचा नव्हता. सरकले बाजूला.

म्हातारी आत गेली. काशीबाई जिथे येत नाहीत तिथे ही सरळ जाऊन पायथ्याशी बसली, उन्हाने भाजलेले पाय पोटाशी घेऊन. गोदाला खालचं काही दिसत नाही, तिची नजर आढ्याकडे. एका बोटावर शेंदूर घेऊन म्हातारीने डाव्या अंगठ्यावर लावला. न बोलता.

गोदा म्हणाली, "थंड लागलं."

म्हातारी रडायला लागली. त्या अंगठ्याला पीससुद्धा कळत नाही. कधी लावला, कोणत्या पायाला लावला ते गोदाला कोणी सांगितलं नव्हतं. पण पायाला लावणार हे तिनेच सांगितलं होतं. आणि म्हातारीचं मन राखायला ही पोरगी काहीही बोलेल, लहानपणापासून अशीच आहे. वाटलं, आत्ताच पीस घ्यावं, डोळ्यांवर पदर बांधावा आणि विचारावं, कुठे लावलं, कोणता पाय, सांग.

पीस फळीवर आहे. म्हातारी अजून तिचा पाय धरून बसली आहे, दोघी काही बोलत आहेत, यमीचं. उद्या विचारीन. आज भाकरी टाकायच्या आहेत, तिघींच्या.